गोफण : ऐकीव गोष्टी आणि वस्तुस्थिती

सिन्नर, येवला, मालेगावकडे बाजरीचे दाणे भरू लागले की माळ्यावर उभं राहून गोफण फिरवणारा राखणदार पूर्वी हमखास दिसे. आता द्राक्षबागांवर जाळ्या आणि चमकत्या पट्ट्या आल्या, गोफण मागे पडली. हौस म्हणून ती घरी विणून पाहायची, तर आधी काही ऐकीव गोष्टी बाजूला सारायला हव्यात.

गैरसमज : गोफण म्हणजे गलोलच.
वस्तुस्थिती : गलोलीत दगडाला वेग देतं ते ताणलेलं रबर. गोफणीत ताणण्यासारखं काहीच नसतं. मधे विणलेली छोटी झोळी आणि तिच्या दोन बाजूंना दोन दोऱ्या, एवढाच ऐवज. एका दोरीच्या टोकाचा फास बोटात अडकवायचा, दुसरीच्या टोकाची गाठ अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरायची. चिमट सोडली की झोळी उलगडते, गोटा सुटतो आणि गोफण हातातच राहते.

गैरसमज : कुठलीही दोरी चालते.
वस्तुस्थिती : जुन्या गोफणी अंबाडीच्या किंवा घायपाताच्या वाखाच्या असत. आज सुतळीची किंवा सुती दोऱ्याची तिपेडी वेणीही चालते. गुळगुळीत नायलॉनची गाठ मात्र चिमटीतून आधीच निसटते आणि गोटा भलतीकडे जातो. खरी मेख लांबीत आहे. फास बोटात आणि गाठ चिमटीत धरून गोफण खाली सोडा. झोळी एका बाजूला कलली तर गोटा फिरतानाच पडेल. दुमडलेली गोफण दोन-अडीच फूट असली की शिकणाऱ्याला पुरते.

गैरसमज : जितकी गरगर फिरवू, तितका गोटा लांब जातो.
वस्तुस्थिती : एक-दोन फेऱ्या पुरतात, जास्त फेऱ्यांनी नेमच चुकतो. पल्ला ठरतो तो दोरीची लांबी, शेवटच्या फेरीतला झटका आणि चिमट सोडण्याची वेळ यांवर. हवेचा अडथळा सोडला, तर वेग दुप्पट झाल्यावर पल्ला चौपट होतो. लांब दोरीने गोटा दूर जातो, पण नेम धरणं कठीण होतं.

गैरसमज : गोफण पाखरं मारण्यासाठीच असते.
वस्तुस्थिती : राखणीत तिचं मुख्य काम हुसकावण्याचं. चिमण्या, पोपट, भोरड्या थव्याने उतरतात. एक पाखरू पाडून पीक वाचत नाही. म्हणून सुटणाऱ्या दोरीच्या टोकाला वाखाचा मोकळा शेंडा ठेवतात. तो आसूडासारखा कडाडतो आणि त्या आवाजानेच थवा उठतो. पक्षी मारणं तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कचाट्यात येतं. निफाड तालुक्यातलं नांदूर मध्यमेश्वर हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ. त्या पाणथळीच्या आसपास तर गोफण काढूच नये.

गैरसमज : रामशेज गोफणीच्या जोरावर लढला.
वस्तुस्थिती : नाशिकजवळच्या या गडाला 1682 मध्ये मोगलांनी वेढा घातला आणि तो वर्षानुवर्षं झुंजला. गोफणगुंड्यांच्या माऱ्याच्या कथा आजही सांगतात. पण गडावरच्या लाकडी तोफांचा उल्लेख खुद्द मोगल इतिहासकार खाफीखान करतो. शिवाय उभे कडे आणि नेटाने लढणारी शिबंदी होतीच. यश एकट्या गोफणीच्या पदरात टाकणं बरोबर नाही.

गैरसमज : दोरीचं खेळणं, त्यात कसला धोका?
वस्तुस्थिती : 1981 मध्ये अमेरिकेत लॅरी ब्रे यांनी गोफणीने दगड 437.10 मीटरवर फेकला. सपाट जागेवर एवढा पल्ला गाठायला दगड ताशी 230 किलोमीटरहून जास्त वेगाने सुटावा लागतो. नवशिक्याचा वेग कमी असेल, पण चिमट चुकीच्या क्षणी सुटली तर गोटा मागेही जातो.

म्हणून सुरुवात टेनिसच्या चेंडूने करा. पीक निघालेलं मोकळं रान निवडा, मालकाला विचारा, आणि पुढे-मागे, डावी-उजवीकडे माणूस किंवा जनावर नाही याची खात्री करून घ्या. मुलांच्या हाती गोफण द्यायची तर मोठं माणूस शेजारी हवंच. चेंडू सतत ठरल्या दिशेला जाऊ लागेपर्यंत दगडाला हात लावू नका.