बोली, कथन आणि नकाशा : डहाणू-तलासरीच्या संदर्भात संगणक-प्रणालीची निवड

गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक १९७० साली प्रसिद्ध झाले आणि १९७२ साली त्यास साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. वारली आदिवासींच्या १९४५ मध्ये सुरू झालेल्या लढ्याचे हे अनुभवकथन असल्याने त्यातील स्थळांना केवळ पार्श्वभूमीचे स्थान नाही. टिटवाळ्याची किसान परिषद, झरीची सभा, ऑक्टोबर १९४५ मधील तलवाड्याचा गोळीबार हे या लढ्याचे टप्पे आहेत, तसेच ते प्रवासाचे मुक्कामही आहेत. अशा लढ्याचा व त्याच्या कथनाचा नकाशा काढावा, असे एखाद्या अभ्यासकास वाटले तर ते स्वाभाविकच होय. मात्र तो आजचा पालघर जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवून बसला, तर त्याच्या हाती अर्धेच चित्र येईल.

याचे कारण असे की, लढ्याच्या काळी झरी हे गाव ठाणे जिल्ह्यातील उंबरगाव तालुक्यात होते. १ मे १९६० रोजी द्विभाषिक राज्याचे विभाजन झाले, तेव्हा या तालुक्यातील उंबरगावसह अनेक गावे गुजरातेत गेली आणि महाराष्ट्रात उरलेल्या गावांचा तलासरी हा वेगळा महाल झाला. पुढे १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आला. त्यामुळे २०११ च्या जनगणनेच्या तक्त्यांत डहाणू व तलासरी ठाणे जिल्ह्याखालीच शोधावे लागतात. म्हणजे एकाच गावाला तीन काळांत तीन प्रशासकीय पत्ते आहेत. आजच्या सीमारेषेने पाहिले असता एका सलग चळवळीचे दोन तुकडे पडतात, आणि ते पडले आहेत हे नकाशा पाहणाऱ्यास कळतही नाही. म्हणून नवशिक्या अभ्यासकाने संगणक-प्रणाली निवडताना पहिला प्रश्न हा विचारावा की, मला हवी ती जुनी सीमा मी तीत स्वतः काढू शकतो काय? सोपेपणाचा प्रश्न त्यानंतरचा.

येथे दोन गरजांमध्ये भेद करणे आवश्यक आहे. स्थळे दाखविणे ही एक गरज. स्थळांना प्रश्न विचारणे ही दुसरी. फ्रँको मोरेत्ती यांनी युरोपीय कादंबरीचा नकाशासंग्रह (इटालियन आवृत्ती १९९७) सिद्ध केला, त्यामागे दुसरी गरज होती. कथानक कोठे घडते एवढ्यावर न थांबता ते तेथेच का घडते, हे त्यांना पाहावयाचे होते. बोलीविज्ञानात ही परंपरा अधिक जुनी आहे. झ्यूल झिलिएरों यांच्या फ्रान्सच्या भाषिक नकाशासंग्रहासाठी (१९०२-१९१०) एदमों एदमों या एकाच सर्वेक्षकाने ६३९ ठिकाणी जाऊन उत्तरे नोंदविली. आपल्याकडे ग्रिअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाच्या मराठीविषयक खंडात (१९०५) वारलीची नोंद आहे, आणि अ. मा. घाटगे यांनी ठाण्याच्या वारलीवर १९६९ साली स्वतंत्र पुस्तक प्रसिद्ध केले. वारलीतील एखादे रूप गुजरातच्या सीमेपासून, रेल्वेमार्गापासून किंवा किनाऱ्यावरील मांगेली व वाडवळी वस्त्यांपासून दूर जाताना बदलते काय, हा प्रश्न अंतर मोजल्याखेरीज सुटणारा नाही. तो ज्यास पडला असेल, त्यास अवकाशीय विश्लेषणाची प्रणाली हवी. ज्यास केवळ परिशिष्टात एक नकाशा जोडावयाचा आहे, त्याने ती शिकण्यात महिने घालवू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तथापि प्रणाली कोणतीही असो, काम सुरू होते ते साध्या तक्त्यापासून. गावाचे नाव जसे ग्रंथात आले तसे, आजचे रूप, त्या वेळचा तालुका, आजचा तालुका व राज्य, जनगणनेचा ग्रामसंकेतांक, अक्षांश, रेखांश, ग्रंथातील पृष्ठ आणि निश्चितीची पातळी एवढे स्तंभ त्यात असावेत. नाव देताच अक्षांश-रेखांश काढून देणाऱ्या सेवांवर विसंबू नये. ‘झरी’ एवढेच नाव दिल्यास परभणीकडील झरी किंवा यवतमाळ जिल्ह्यातील झरी-जामणी पुढे येण्याचा संभव असतो. निश्चितीचा स्तंभ तर विशेष महत्त्वाचा आहे. कथनात केवळ रान, नदीकाठ किंवा एखादा पाडा असा उल्लेख असेल, तर प्रणाली तेथेही काटेकोर बिंदूच मागते, आणि तो दिला की अनिश्चित असलेली गोष्ट निश्चित दिसू लागते. वाङ्मयाच्या अभ्यासकाने या मागणीस नकार देण्याची तयारी ठेवली पाहिजे.

आता प्रत्यक्ष पर्याय पाहू. ‘गूगल माय मॅप्स’मध्ये तासाभरात वीस गावे मांडता येतात आणि देवनागरीची अडचण येत नाही. पण पायाभूत नकाशा आजचाच राहतो, जुना नकाशा त्यावर बसविता येत नाही आणि विश्लेषण जवळजवळ नाहीच. २०१५ पासून विनामूल्य झालेल्या ‘गूगल अर्थ प्रो’मध्ये जुन्या नकाशाची प्रतिमा ताणून बसविता येते, तेवढे काम असेल तर तो पुरेसा आहे. एसरी कंपनीची ‘आर्कजीआयएस’ ही प्रणाली सर्वांगांनी समर्थ आहे. भूगोल विभागात परवाना असेल तर तेथे बसून ती जरूर शिकावी. परंतु परवान्याची मुदत संपली की विद्यार्थ्याचा प्रकल्प त्याच्याच हातून सुटतो, आणि महाविद्यालयीन शिक्षकास दरवर्षीचे शुल्क परवडत नाही. मुंबईच्या आय.आय.टी.मध्ये विकसित झालेली ‘ग्रॅम++’ ही स्वदेशी प्रणालीही उल्लेखनीय आहे. या सर्वांचा विचार करता मराठीच्या अभ्यासकासाठी ‘क्यूजीआयएस’ हीच निवड आम्हांस योग्य वाटते. गॅरी शर्मन यांनी २००२ मध्ये सुरू केलेली ही प्रणाली मुक्त व विनामूल्य आहे, जुना नकाशा अक्षांश-रेखांशांवर बसविण्याची सोय तीत आहे, आणि आय.आय.टी. मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमात तिचे पाठ उपलब्ध आहेत. आरंभीचे दोन-तीन आठवडे ती त्रास देते, हेही सांगितले पाहिजे. बोलीरूपांचे पुंजके केवळ योगायोगाने दिसतात की त्यांत काही संगती आहे, हे संख्याशास्त्राने तपासावयाचे असल्यास ‘जिओडा’ ही छोटी विनामूल्य प्रणाली जोडीस घ्यावी.

देवनागरीपुरती एक सूचना. फार प्रचलित असलेल्या ‘शेपफाइल’ या प्रकारात स्तंभाच्या नावास केवळ दहा बाइट मिळतात. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मात्रा धरून, युनिकोडच्या नेहमीच्या संकेतनात तीन बाइट घेते. म्हणजे तीन चिन्हांतच नाव संपते. ‘तालुका’ हा शब्दसुद्धा त्यात मावत नाही. यासाठी आरंभापासूनच ‘जिओपॅकेज’ या प्रकारात काम साठवावे.

अंतर मोजताना होणारी चूक मात्र अधिक गंभीर आहे आणि तिचे उदाहरण डहाणूनेच पुरविले आहे. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने केंद्र शासनाने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित केला व तालुक्याच्या हद्दीभोवती २५ किलोमीटरचा पट्टा उद्योगमुक्त ठेवण्याची तरतूद केली. हा पट्टा नकाशावर काढणे हा नवशिक्यासाठी उत्तम धडा आहे. नकाशा अक्षांश-रेखांशांतच ठेवून २५ हा आकडा दिला, तर प्रणाली त्यास २५ अंश समजते आणि जवळजवळ सारा देश पट्ट्यात येतो. चूक लक्षात आल्यावर कोणी पाव अंश देतो. पण या अक्षांशावर उत्तर-दक्षिण एक अंश सुमारे ११०.७ किलोमीटर, तर पूर्व-पश्चिम सुमारे १०४.६ किलोमीटर भरतो, त्यामुळे पट्टा दोन्ही दिशांना सारखा राहत नाही. डहाणू-तलासरीसाठी यूटीएम ४३ उत्तर हे प्रक्षेपण निवडले की मोजमाप मीटरमध्ये होते. त्या पट्ट्यात भूमितीच्या दृष्टीने तलासरी येते, तसेच गुजरातेतील उंबरगावही येते. १९६० ची रेषा तेथे नाहीशी होते.

सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे एव्हरेस्ट या पृथ्वीमानावर आधारलेले असून आजचे उपग्रहाधारित स्थाननिर्देश डब्ल्यूजीएस ८४ या मानावर आहेत. दोहोंतील फरक न जुळविल्यास या भागात गाव शंभरेक मीटर सरकते. तालुक्याच्या नकाशात हे कोणाच्या लक्षात येणार नाही. पण एकाच गावातील दोन पाड्यांची बोली वेगळी नोंदविली असेल, तर एका पाड्याचे उत्तर दुसऱ्याच्या नावावर जाऊ शकते. म्हणून जुन्या पत्रकावरून घेतलेल्या प्रत्येक स्थळापुढे ते कोणत्या मानावरून घेतले, याचा आणखी एक स्तंभ वरील तक्त्यात वाढवावा.