कीबोर्ड लॅपटॉपला किंवा मोबाइलला जोडायचाय? आधी मिडी म्हणजे काय ते समजून घ्या



आमच्या पुसेगावात (हे हिंगोली जिल्ह्यातलं, सेनगाव तालुक्यातलं, सेवागिरी महाराजांचं पुसेगाव ते साताऱ्याकडचं) मी सुट्टीत गेलो की भजन-कीर्तनात साथ करणारी पोरं एक प्रश्न हमखास विचारतात. "दादा, कीबोर्ड लॅपटॉपला जोडला तर रेकॉर्डिंग होईल का?" होईल. पण रेकॉर्ड नेमकं काय होतं, ते कळलं नाही तर नको त्या वस्तूंवर पैसे जातात.

मिडीच्या वायरमधून आवाज जात नाही. जातात फक्त आकडे. तुम्ही मधला सा, म्हणजे मधल्या सप्तकातली पांढरी एक दाबली, की कीबोर्ड तीन आकडे पाठवतो: १४४, ६०, १००. पहिला सांगतो की पहिल्या चॅनेलवर स्वर सुरू झाला, दुसरा कोणती पट्टी ते, आणि तिसरा किती जोरात दाबली ते. पट्टी आणि जोर दोन्ही ० ते १२७ मध्येच. पट्टी सोडली की पुन्हा निरोप जातो. थोडक्यात, ही संगणकाला कळणारी स्वरलिपी आहे.

याचा फायदा कुठे होतो? समजा तुम्ही काळी एकमध्ये साथ वाजवून ठेवली आणि ऐनवेळी गाणारे बुवा म्हणाले, मला पांढरी चार पाहिजे. आवाजाची फाइल एवढी वर ओढली तर पेटी चिरकी वाटायला लागते. मिडीत मात्र प्रत्येक स्वराच्या आकड्यात ४ मिळवायचे, ६१ चे ६५ झाले, विषय संपला. चुकलेला एक स्वरसुद्धा माउसने उचलून जागेवर ठेवता येतो.

१९८३ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या नॅम प्रदर्शनात दोन वेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर, प्रॉफेट-६०० आणि रोलँड ज्युपिटर-६, एका वायरने जोडून दाखवले गेले. त्याआधी एका कंपनीचं वाद्य दुसरीच्या वाद्याशी सहसा बोलायचं नाही. या कामासाठी डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी यांना २०१३ मध्ये टेक्निकल ग्रॅमी मिळाला. मला इंजिनिअर म्हणून कौतुक याचं वाटतं की तेव्हाचं वाद्य आजच्या लॅपटॉपशी अजूनही बोलतं. आमच्या धंद्यात पाच वर्षांपूर्वीचा कोड चालला तरी आनंद होतो!

आता कीबोर्डची मागची बाजू बघा. प्रिंटरला असतं तसं चौकोनी यूएसबी भोक असेल तर काम सोपं, प्रिंटरचीच वायर चालते. मोबाइलला जोडताना मध्ये ओटीजी लावा. अँड्रॉइड ६ पासून मिडीची सोय सिस्टिममध्येच आहे. चपटं, पेन ड्राइव्हचं भोक यासाठी नसतं. जुन्या कीबोर्डला पाच छिद्रांचे गोल सॉकेट असतात. त्यासाठी यूएसबी-मिडी इंटरफेस लागतो आणि कीबोर्डचा 'आउट' इंटरफेसच्या 'इन'ला जोडायचा. स्वस्त वायरींवरचं लेबल कधीकधी उलट अर्थाचं असतं, म्हणून काहीच येत नसेल तर आधी दोन पिना अदलाबदल करून बघा. हेडफोनच्या जॅकमधून येतो तो आवाज, मिडी नाही.

लॅपटॉपवर एलएमएमएस हे सॉफ्टवेअर फुकट आहे, सुरुवातीला पुरे.

जोडल्यावर पहिली तक्रार येते ती 'आवाज डबल येतोय' अशी. कीबोर्ड स्वतःही वाजतो आणि लॅपटॉपही. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये 'लोकल कंट्रोल' बंद करा. तो पर्याय नसेल तर कीबोर्डचा आवाज शून्यावर आणा, आकडे तरीही जातात.

दुसरी तक्रार, पट्टी दाबल्यावर आवाज उशिरा येतो. लोक वायरीला दोष देतात, पण हिशोब करून बघा. जुन्या गोल वायरीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट. एका स्वराला ३० बिट लागतात, म्हणजे जेमतेम १ मिलिसेकंद. उशीर लॅपटॉपच्या बफरमध्ये होतो. बफर १०२४ सॅम्पलचा असेल तर ४४,१०० च्या दराने २३ मिलिसेकंद तिथेच गेले. तो २५६ वर आणा. विंडोजवर एएसआयओ४ऑल हा फुकट ड्रायव्हर टाकला तर आणखी फरक पडतो. आणि ब्लूटूथ स्पीकर लावून वाजवू नका, टाळ एकीकडे आणि पेटी दुसरीकडे जाईल.

मिडीची एक मर्यादा आपल्या संगीताला जास्त टोचते. मींड घ्यायची तर पिच बेंडचं चाक फिरवावं लागतं, आणि ते त्या चॅनेलवरचे सगळे स्वर एकदम सरकवतं. सा धरून ठेवून वरचा ग हलवायचा असेल तर दोन चॅनेल लागतात. एकूण चॅनेल १६.

शेवटची अडचण फाइल दुसऱ्याला देताना येते. १९९१ च्या जनरल मिडी यादीत १२८ वाद्यं आहेत. त्यात १०५ वर सतार आहे, ११२ वर शहनाई आहे, पण आपली पेटी नाही आणि तालवाद्यांच्या यादीत तबलाही नाही. तुमच्या भारतीय मॉडेलवर बसवलेला तबला समोरच्याच्या लॅपटॉपवर इंग्रजी ड्रम होऊन वाजू शकतो. म्हणून मिडी फाइल स्वतःकडे जपून ठेवा आणि कार्यक्रमाला देताना त्याची डब्ल्यूएव्ही किंवा एमपी३ काढून द्या.