शेंड्यांवरचा वणवा आणि त्याचें गणित



फाल्गुन-चैत्रांत घाटांतून रात्रीं प्रवास करतांना डोंगराच्या अंगावर एक तांबूस रेघ हळूहळू सरकत असलेली आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिली असेल. हा आपल्याकडील वणवा. तो वाळलेल्या गवतांतून व पाचोळ्यांतून जमिनीलगत चालतो. त्या दिवसांत साग, ऐन इत्यादि झाडें बहुतेक निष्पर्ण झालेलीं असतात. त्यामुळें वर चढूनहि त्याला जाळावयास फारसें कांहीं मिळत नाहीं. उत्तर अमेरिकेंतील सूचीपर्णी अरण्यांची गोष्ट निराळी. तेथें राळेनें भरलेलीं सुईसारखीं पानें बारा महिने झाडावर असतात. अग्नि एकदां का शेंड्यांवर चढला, कीं तो झाडावरून झाडावर धांवूं लागतो.

सन २०१६ च्या मे महिन्याच्या ३ तारखेस कॅनडांतील फोर्ट मॅकमरे या शहरांत असा वणवा शिरला. सुमारें ८८,००० लोकांना घरें सोडून जावें लागलें व सुमारें २,४०० इमारती भस्मसात् झाल्या. अशा प्रसंगीं अधिकाऱ्यांपुढें मुख्य प्रश्न एकच असतो : आग येथें केव्हां पोहोंचेल? याचें उत्तर आगाऊ सांगतां येईल काय, हें आज पाहूं.

प्रथम, अशा वणव्यांत जळतें तरी काय? सबंध झाड जळून जातें, असा आपला समज असतो. परंतु आग निघून गेल्यावर पाहावें, तों काळे पडलेले बुंधे जागच्या जागीं उभे असतात. आपल्या घरांतील चुलीचीच आठवण करा. काटक्या भुरुभुरु जळून जातात. ओंडका मात्र तासभर धुमसतो. वणव्याची मुख्य ज्वाला एका जागीं जेमतेम मिनिटभर थांबते. तेवढ्या अवधींत जें जळेल, तेंच तिचें खरें अन्न : पानें, बोटाहून बारीक डहाळ्या, आणि जमिनीवरील पाचोळ्याचा वरचा थर. म्हणून अरण्यांत लांकूड किती आहे हें मोजून भागत नाहीं. त्यांतील जळण म्हणून उपयोगीं पडणारें किती, हें मोजावें लागतें.

हें समजलें म्हणजे आगीचा जोर काढतां येतो. अमेरिकेंतील जॉर्ज बायरम यांनीं १९५९ मध्यें त्यासाठीं एक सोपा हिशेब मांडला. एक किलोग्रॅम जळणांतून निघणारी उष्णता, दर चौरस मीटरला जळणारें जळण, आणि आगीचा वेग या तिहींचा गुणाकार करावयाचा. उष्णता १८,००० किलोज्यूल, जळण ४ किलोग्रॅम आणि वेग सेकंदाला १ मीटर धरला, तर आघाडीच्या प्रत्येक मीटरमागें जोर ७२,००० किलोवॅट येतो. साध्या हत्यारांनीं आगीच्या तोंडाशीं झुंजणाऱ्या माणसांची मर्यादा सुमारें ५०० किलोवॅटची आहे. १०,००० च्या पुढें यंत्रें व विमानेंहि आगीचें तोंड रोखूं शकत नाहींत. मग उरतो एकच उपाय : वाटेंतून बाजूला होणें.

परंतु जमिनीवरची आग शेंड्यावर चढणार केव्हां? कॅनडांतील व्हॅन वॅग्नर यांनीं १९७७ मध्यें याचे दोन नियम दिले. पहिला नियम चढण्याचा. झाडाच्या सर्वांत खालच्या फांद्या किती उंचीवर आहेत व पानांत ओलावा किती आहे, यांवर तो अवलंबून आहे. पानांतील पाण्याचें वजन त्यांच्या सुक्या वजनाएवढें असेल आणि फांद्या दोन मीटरवर असतील, तर सुमारें ४८० किलोवॅटची आग वर चढते. त्याच फांद्या सहा मीटरवर असतील, तर सुमारें २,४७५ किलोवॅट लागतात. उंची तिप्पट झाली, कीं लागणारा जोर पांचपटीहून अधिक होतो. दुसरा नियम टिकून राहण्याचा. दर मिनिटास दर चौरस मीटरमागें सुमारें तीन किलोग्रॅम पर्णभार ज्वालेंत आला पाहिजे. शेंड्यांची दाटी घनमीटरला ०·२ किलोग्रॅम असेल, तर मिनिटाला १५ मीटरचा वेग पुरतो. दाटी निम्मी झाली, तर ३० मीटर लागतात. खालच्या फांद्या छाटणें व झाडें विरळ करणें या उपायांचें मर्म येथें आहे. मात्र रान विरळ केलें, कीं वारा व ऊन आंत शिरून खालचा पाचोळा अधिक वाळतो, हेंहि विसरतां कामा नये.

हीं अनुमानें प्रत्यक्ष आगीशीं ताडून पाहण्यासाठीं कॅनडाच्या वायव्य प्रदेशांत, फोर्ट प्रॉव्हिडन्सनजीक, १९९७ ते २००० या काळांत जॅक पाइन व ब्लॅक स्प्रूस यांच्या रानाचे दहा तुकडे मुद्दाम पेटविण्यांत आले. आग मिनिटाला १५ ते ७० मीटर धांवली. ज्वाला बहुधा २५ ते ४० मीटर उंच गेल्या. दर चौरस मीटरला २·८ ते ५·५ किलोग्रॅम जळण खपलें. जोर ९०,००० किलोवॅटपर्यंत पोहोंचला. एक सेंटिमीटरहून बारीक असें झाडांवर फारच थोडें उरलें.

पुढें २०१० मध्यें क्रूझ व अलेक्झांडर या शास्त्रज्ञांनीं प्रचलित गणितांची झडती घेतली, तेव्हां एक गंभीर दोष उघडकीस आला. जमिनीवरच्या आगीचें एक सूत्र व शेंड्यांवरच्या आगीचें दुसरें सूत्र एकमेकांस जोडून केलेले अंदाज वारंवार कमी भरत. म्हणजे, आग चढणार नाहीं असें कागद म्हणे, आणि प्रत्यक्षांत ती चढे. कागदावर ती रेंगाळे, आणि रानांत धांवे. सर्वच चुका सारख्या नसतात. अंदाज अधिक निघाला, तर कांहीं कुटुंबें विनाकारण एक रात्र परक्या छपराखालीं काढतील. तो कमी निघाला, तर तींच कुटुंबें धुरानें भरलेल्या रस्त्यावर सांपडतील.

म्हणून या शास्त्रांतील जाणते लोक आंकडा सांगतांना त्याची चूक कोणत्या बाजूस झुकते, हेंहि सांगतात. आगीचें गणित आग विझवीत नाहीं; तें घर केव्हां सोडावें, एवढेंच सांगतें. पण तें वेळेवर सांगितलें गेलें, तर माणसें वांचतात.