आपला संगणक, आपल्या हाती (लेखांक ५): एका डिस्कवर विंडोज आणि उबुंटू

मागच्या आठवड्यात उबुंटू पेन ड्राइव्हवरून नुसते चालवून पाहिले. आज डिस्कला हात लावायचा आहे.

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. निडी, नागोठणे, पेणकडे ज्या घरात किंवा झेरॉक्सच्या दुकानात त्याहून जुना संगणक आहे, त्यांनी तो भंगारात काढू नये. विंडोज पुसूनही टाकू नये. श्री-लिपीत केलेल्या लग्नपत्रिका आणि अहवाल उघडायला विंडोज हवेच. माझा आग्रह एवढाच: ते काम विंडोजवर, इंटरनेट न जोडता करा, बँक, ईमेल, ऑनलाइन अर्ज उबुंटूवर.

आधी सगळ्या फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवा. यात सवलत नाही. जागा कमी करताना आतली माहिती सरकवली जाते आणि नेमकी तेव्हा वीज गेली तर ती हाती लागेलच असे नाही. पावसाळ्यात आपल्याकडे वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो, म्हणून यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवर हे काम सुरूच करू नका. लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरून घ्या.

आता विंडोजमधल्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जा, सी ड्राइव्हवर उजवी क्लिक करा, ‘श्रिंक व्हॉल्यूम’ निवडा. आकडा एमबीत मागतात. ५० जीबीसाठी ५१२००. कधी कधी डिस्क निम्मी रिकामी असूनही विंडोज थोडीच जागा सोडते. पेज फाइल, हायबरनेशनची फाइल अशा जागेवरून न हलणाऱ्या फाइली मध्येच बसलेल्या असतात. हायबरनेशन तात्पुरते बंद करून पुन्हा पाहा. सुटलेली जागा तशीच मोकळी ठेवा, तिथे नवा ड्राइव्ह बनवू नका.

जुन्या यंत्रांत खरी अडचण इथे येते. विंडोज ७ च्या काळातल्या बऱ्याच डिस्क एमबीआर पद्धतीच्या आहेत. त्यात मुख्य हिस्से फक्त चार मावतात आणि सिस्टिम, सी, डी, रिकव्हरी यांनीच ते भरलेले असतात. चारांपैकी एक ‘एक्स्टेंडेड’ असेल तर, सातबाऱ्यावर एकाच गटाचे पोटहिस्से पडावेत तसे, त्याच्या पोटात आणखी हिस्से करता येतात. नसेल तर डी वरची माहिती हलवून तो हिस्सा काढावा लागतो. या टप्प्यावर विंडोज ‘डायनॅमिक डिस्क’ करू का असे विचारू शकते. नाही म्हणा, तशा डिस्कवर उबुंटू बसवणे फार अवघड होते. नव्या जीपीटी पद्धतीत १२८ हिस्से चालतात, तिथे हा प्रश्नच येत नाही.

विंडोजचे ‘फास्ट स्टार्टअप’ही बंद करा. ते चालू असेल तर संगणक बंद केल्यावरही विंडोज आपले ड्राइव्ह पूर्ण मिटत नाही, आणि उबुंटूतून त्या ड्राइव्हवर लिहिता येत नाही.

त्यानंतर पेन ड्राइव्हवरून उबुंटू सुरू करून ‘विंडोजच्या शेजारी बसवा’ हा पर्याय घ्यायचा. पुढे संगणक चालू करताना ग्रबची यादी दिसते, त्यातून हवी ती प्रणाली निवडायची.

एवढे झाल्यावर विंडोजचे घड्याळ साडेपाच तास मागे दिसले तर घाबरू नका. उबुंटू यंत्राच्या घड्याळात जागतिक प्रमाणवेळ लिहिते, विंडोज तीच भारतीय वेळ समजून वाचते. उबुंटूला स्थानिक वेळ वापरायला सांगितले की दोन्हींचा मेळ बसतो. ती एका ओळीची आज्ञा पुढच्या लेखांकात, टर्मिनलची ओळख करून घेताना देईन.