नमुना सही

पुतण्याने घरात खाऱ्या पाण्याचा फिशटँक मांडला तेव्हा मला हसूच आले. राहायचे रत्नागिरीत, मांडवीची गाज घरात ऐकायची आणि माशांसाठी मीठ मात्र विकत आणून पाण्यात कालवायचे! पण किनाऱ्याचे पाणी पावसाळ्यात गढूळ होते, खारटपणाही उतरतो. टाकीतल्या नाजूक माशांना ते सोसत नाही. झाडगावच्या संशोधन केंद्रातल्या मत्स्यालयात लहानपणी काचेला नाक लावून उभा राहणारा हा मुलगा. हळूहळू मीही संध्याकाळी टाकीपुढे खुर्ची ओढू लागलो.

एकदा त्याने मुंबईहून, क्रॉफर्ड मार्केटातून, बोटाएवढे दोन मासे आणले. निळसर अंग, डोक्यापासून शेपटीपर्यंत काळा पट्टा. इंग्रजीत या कुळाला 'रास' म्हणतात. आपल्या मेष-वृषभाशी त्याचा संबंध नाही. ही त्यातली सफाईवाली जात. मोठ्या माशांच्या अंगावरचे, कल्ल्यांतले परजीवी ती टिपून खाते आणि मोठे मासे विश्वासाने तोंड उघडून तिला आत घेतात. तिसऱ्या दिवशी मात्र एका मोठ्या माशाचे पर कुरतडलेले दिसले.

"काका, दोघांतला एक तोतया आहे."

पट्टा तोच, रंग तोच, डुलत पोहण्याची ढबही तीच. फरक तोंडात होता. खऱ्याचे तोंड अगदी पुढे टोकाला. तोतयाचे खालच्या बाजूला, आणि खालच्या जबड्यात दोन सुळे. अंगावर खवलेही नाहीत. तो रास नव्हेच, ब्लेनी कुळातला. तो मीच आधी ओळखला. उभी हयात बँकेत नमुना सह्या पडताळण्यात गेली. खोटी सही एकूण दिसण्यात चुकत नाही, लेखणी उचलण्याच्या जागी चुकते.

माझी फुशारकी ऐकून पुतण्याने पुस्तक उघडले. एक मासा तपकिरी-पांढरा, दुसरा गर्द हिरवा, दोघांनाही पक्ष्यासारखी लांब चोच. "हे दोन कोण?" मी म्हटले, दोन जाती. जुन्या शास्त्रज्ञांनीही तसेच मानून दोन नावे दिली होती. पण ती एकाच जातीची मादी आणि नर. या कुळातल्या पुष्कळ माद्या पुढे नर होतात, अंगाचा रंगही पालटतात. सफाईवाल्यांची तऱ्हा आणखी निराळी. रॉबर्टसन या शास्त्रज्ञाने १९७२ साली दाखवून दिले, की त्यांच्या गटातला नर गेला की सर्वांत थोर मादी काही तासांत नराप्रमाणे वागू लागते आणि दोन-अडीच आठवड्यांत खरोखरच नर होते. पट्टा मात्र जुनाच!

मला एकदम १९८७ सालचे काउंटर आठवले. एक निवृत्त शिक्षिका पेन्शन काढायला आल्या. हात कापत होता, सही कार्डाशी जुळेना. मी स्लिप परत केली. एकदा नव्हे, तीनदा. नियमाला धरूनच केली. चौथ्या खेपेला त्यांनी सही केलीच नाही. शाईच्या पॅडवर अंगठा टेकवला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "आता जुळेल."

पिढ्यान् पिढ्यांना अक्षर शिकवलेली ती बाई. सह्या करणारे तोतये मी नोकरीत पुष्कळ पकडले. बदललेल्या खऱ्या माणसाला ओळखायला मात्र मला माशांच्या टाकीपुढे बसावे लागले.