घडीचे आसन

पोटासाठी दूरचा प्रवास करणारी माणसे आपण सर्वांनीच पाहिली आहेत. आपल्यापैकी कित्येक जण स्वतःच त्यांतले असतील. पहाटेच्या अंधारात कर्जतहून किंवा कसाऱ्याहून मुंबईची लोकल गाठणारा कारकून आणि दर सोमवारी एस.टी.ने तालुक्याच्या शाळेवर रुजू होणारी शिक्षिका यांची धावपळ आपल्या ओळखीची आहे. अशा येण्याजाण्याला आपण सरळ ‘अप-डाउन’ म्हणतो. पण ज्याचे कामच मुळी प्रवाशांना पोचवण्याचे, त्या वैमानिकालाही स्वतःच्या कामावर पोचण्यासाठी आधी दुसऱ्याच्या विमानातून जावे लागत असेल, हे सहसा आपल्या मनात येत नाही. अमेरिकेत हे नित्याचे दृश्य आहे. तेथील असंख्य वैमानिक एका शहरात राहतात आणि शेकडो, कधी हजारो किलोमीटर दूरच्या दुसऱ्या शहरातून कामाला सुरुवात करतात. मधले अंतर ते बहुधा दुसऱ्या विमानातील एका घडीच्या आसनावर बसून कापतात. त्या आसनाला ‘जंपसीट’ म्हणतात.

हे असे का होते, हे समजण्यासाठी वैमानिकाच्या नोकरीची घडण पाहावी लागेल. प्रत्येक विमान कंपनीचे काही ठरावीक तळ असतात. न्यूयॉर्क, शिकागो, अटलांटा, डेन्व्हर अशा मोठ्या विमानतळांवर ते असतात. वैमानिकाची नेमणूक यांपैकी एका तळावर होते. त्याचे काम तेथून सुरू होते आणि तेथेच संपते. एकदा निघाला की तो तीन-चार दिवस वेगवेगळ्या गावी उड्डाणे करून तळावर परततो. म्हणजे त्याचे अप-डाउन रोजचे नसते, महिन्यातून काही वेळा असते. कोणाला कोणता तळ मिळावा, हे ज्येष्ठतेच्या यादीवर ठरते. ही यादी मोठी कठोर असते. एका कंपनीत वीस वर्षे काढलेला कॅप्टन दुसऱ्या कंपनीत गेला, तर तेथे त्याचे नाव पुन्हा तळाशी लागते. त्यातच कंपन्या एकमेकींत विलीन होतात, जुने तळ बंद पडतात, विमाने दुसरीकडे हलवली जातात. दर वेळी बिऱ्हाड उचलायचे म्हटले, तर जोडीदाराची नोकरी, मुलांची शाळा, वृद्ध आईवडील या साऱ्यांचा विचार करावा लागतो. न्यूयॉर्कसारख्या शहरातील घरभाडे नव्या वैमानिकाच्या पगारात परवडतही नाही. म्हणून घर जागच्या जागी राहते आणि माणूस फिरत राहतो. तळावर तो कसा पोचतो, याच्याशी कंपनीचा संबंध नसतो. वेळेवर हजर होणे ही त्याची जबाबदारी असते.

विमानाच्या चालककक्षात, म्हणजे कॉकपिटमध्ये, दोन वैमानिकांच्या मागे हे जादा आसन असते. नको असेल तेव्हा ते भिंतीला घडी करून लावता येते. निरीक्षक, परीक्षक किंवा शिकाऊ वैमानिक यांच्यासाठी ते मुळात ठेवलेले असते. त्यावर बसणे काही सुखाचे नसते. पाठ सरळ, गुडघे आखडलेले, खांद्यांवरून आणि कमरेवरून पट्टे आवळलेले, बाजूला प्राणवायूचा मुखवटा. हे आसन रिकामे असेल, तर दुसऱ्या वैमानिकाला त्यावरून विनामूल्य नेता येते. अमेरिकेतील विमान कंपन्यांनी तसे परस्परांत करार केले आहेत. एरवी तिकिटांच्या दरांवरून एकमेकींशी झगडणाऱ्या या कंपन्या या एका बाबतीत मात्र एकमेकींच्या माणसांना जागा देतात.

करार असला, तरी हा हक्क नव्हे. विमानात कोणाला बसू द्यायचे, याचा अखेरचा शब्द कॅप्टनचा असतो. त्यामुळे आसन मागणारा वैमानिक, मग तो कितीही ज्येष्ठ असो, कॅप्टनसमोर जाऊन आपले नाव, कंपनी सांगतो आणि परवानगी मागतो. एकापेक्षा अधिक इच्छुक असतील, तर त्या कंपनीच्या स्वतःच्या वैमानिकाला आधी संधी मिळते. आत बसल्यावर तो पाहुणा असला, तरी निव्वळ प्रवासी नसतो. विमान दहा हजार फुटांच्या खाली असताना चालककक्षात कामाव्यतिरिक्त बोलण्यास तेथील नियमांनी बंदी आहे. ती त्यालाही लागू असते. बाहेर दुसरे विमान दिसले किंवा काही चुकते आहे असे वाटले, तर त्याने सांगावे, एवढी त्याच्याकडून अपेक्षा असते. उतरताना तो आभार मानतो. उद्या कदाचित हाच कॅप्टन त्याच्या विमानाच्या दारात उभा असेल.

मागितले आणि मिळाले, असे दर वेळी होत नाही. पहिले विमान भरलेले निघते, दुसरे हवामानामुळे रद्द होते. म्हणून अनुभवी वैमानिक कामाच्या कितीतरी तास आधी, अनेकदा आदल्या दिवशीच, घर सोडतात. मग रात्र कोठे काढायची? हॉटेलचा खर्च पदरचा असतो. त्यावर उपाय म्हणून विमानतळांजवळ अनेक जण मिळून एखादे घर भाड्याने घेतात. तेथे खोलीखोलीत एकावर एक खाटा मांडलेल्या असतात. काही घरांत तर खाटही कोणा एकाची नसते. जो येईल त्याने आपली चादर अंथरून झोपावे. न्यूयॉर्कमधील क्यू गार्डन्स या वस्तीत विमान कर्मचाऱ्यांची अशी बिऱ्हाडे इतकी झाली की, लोक तिला गमतीने ‘क्रू गार्डन्स’ म्हणू लागले. हे वाचताना मुंबईच्या गिरणगावातील खोल्या आठवल्यावाचून राहत नाहीत. तेथे कोकणातून आणि घाटावरून आलेले कामगार पाळीपाळीने एकाच जागेवर पाठ टेकत असत. गणवेशावर सोनेरी पट्ट्या असल्या, तरी घर आणि गिरणी यांतले अंतर चुकत नाही!

परक्या माणसाला चालककक्षात घेण्यात धोका नाही काय? हा प्रश्न कोणालाही पडेल. ७ एप्रिल १९९४ रोजी मेम्फिसहून निघालेल्या फेडएक्सच्या मालवाहू विमानात, त्याच कंपनीच्या एका कर्मचाऱ्याने असाच प्रवास करताना तिघा चालकांवर हातोड्याने हल्ला केला. डोकी फुटलेल्या अवस्थेतही त्यांनी विमान परत उतरवले. पुढे ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर चालककक्षाची दारे इतर कंपन्यांच्या वैमानिकांना बंद झाली. प्रवासी कक्षात जागा उरली, तरच त्यांना जाता येई. त्यानंतरच्या वर्षांत संगणकावर ओळख पटवण्याची व्यवस्था उभी राहिली. समोरचा माणूस खरोखर त्या कंपनीच्या नोकरीत आजही आहे काय, हे विमानात चढण्यापूर्वीच तपासले जाऊ लागले, आणि मगच ती दारे पुन्हा उघडली. पण यंत्र ओळखपत्र तपासते, मनाची स्थिती तपासत नाही. २२ ऑक्टोबर २०२३ रोजी एव्हरेटहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेल्या विमानात जंपसीटवर बसलेल्या एका वैमानिकाने अचानक इंजिने बंद पाडणाऱ्या मुठी ओढण्याचा प्रयत्न केला. दोघा चालकांनी त्याला आवरले आणि विमान पोर्टलंडला सुखरूप उतरले.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९ जुलै १९८९ रोजी डेन्व्हरहून शिकागोला जाणाऱ्या युनायटेडच्या डीसी-१० विमानाचे शेपटातील इंजिन फुटले आणि विमान वळवण्याची सारी यंत्रणा निकामी झाली. त्या विमानात डेनिस फिच हे त्याच कंपनीचे प्रशिक्षक वैमानिक होते. त्या फेरीत त्यांच्याकडे काम नव्हते. ते जंपसीटवरही नव्हते, प्रवाशांत बसले होते. ते पुढे गेले आणि कॅप्टन अल हेन्स यांनी त्यांना उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमी-जास्त करण्याचे काम दिले. केवळ त्या आधारावर विमान सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणले गेले. विमानातील २९६ जणांपैकी ११२ जण दगावले. पण १८४ वाचले. अशा वेळी तिसऱ्या-चौथ्या जाणत्या माणसाचे मोल काय असते, हे वेगळे सांगायला नको.

मात्र या साऱ्या व्यवस्थेत खरा काळजीचा विषय हल्लेखोरांचा नाही. असे प्रसंग विरळा घडतात. काळजीचा विषय आहे थकव्याचा, आणि तो रोजचा आहे.

१२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री कोल्गन एअरचे एक छोटे विमान नेवार्कहून निघून बफेलोजवळ एका घरावर कोसळले. विमानातील सर्व ४९ जण आणि घरातील एक जण मरण पावला. त्या विमानाची सहवैमानिक २४ वर्षांची होती. ती सिअ‍ॅटलजवळ, म्हणजे देशाच्या पश्चिम टोकाला राहत असे आणि तिचा तळ पूर्व किनाऱ्यावर नेवार्कला होता. मधले अंतर जवळपास ३,९०० किलोमीटर. आदल्या संध्याकाळी ती सिअ‍ॅटलहून फेडएक्सच्या विमानाने मेम्फिसला गेली आणि तेथून दुसऱ्या मालवाहू विमानाने सकाळी साडेसहाच्या सुमारास नेवार्कला पोचली. मालवाहू विमाने रात्री उडतात, म्हणून अनेकांना तीच सोयीची पडतात. प्रवासात आणि कर्मचाऱ्यांच्या खोलीतील कोचावर तुकड्यातुकड्यांनी मिळेल तेवढीच तिला झोप. तिला सर्दीही झाली होती. घरी असताना असे वाटले असते, तर आपण आलोच नसतो. आता आजारी म्हणून रजा घेतली, तर हॉटेलचा खर्च अंगावर पडेल, अशा अर्थाचे तिचे बोलणे चालककक्षातील ध्वनिमुद्रणात सापडले. कॅप्टनचे घर फ्लॉरिडात होते. त्यानेही आदली रात्र विमानतळावरच काढली होती.

चौकशी करणाऱ्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१० मध्ये अहवाल दिला. विमानाचा वेग धोकादायक इतका उतरल्याची सूचना मिळाली, तेव्हा नाक खाली करण्याऐवजी कॅप्टनने ते वर ओढले, हे अपघाताचे कारण ठरले. थकव्याने दोघांच्या कामावर बहुधा परिणाम झाला असावा. पण तो किती, हे ठरवता येत नाही, असे मंडळाने म्हटले. त्याच चौकशीत आणखी एक आकडा पुढे आला: नेवार्क तळावरील कोल्गनच्या १३७ वैमानिकांपैकी ९३ जण दुसऱ्या गावाहून ये-जा करणारे होते. दोष त्या तरुणीच्या माथी मारून मोकळे होणे सोपे होते. आकडा वाचल्यावर ते तितकेसे सोपे वाटत नाही.

मृतांच्या नातेवाइकांनी नेटाने पाठपुरावा केला आणि २०१० मध्ये अमेरिकी काँग्रेसने विमान सुरक्षेचा नवा कायदा केला. त्यानुसार आलेले विश्रांतीचे नियम ४ जानेवारी २०१४ पासून लागू झाले. प्रवासी विमानाच्या चालकाला कामापूर्वी सलग दहा तास मोकळे मिळाले पाहिजेत आणि त्यांत आठ तास अखंड झोपेची संधी असली पाहिजे. मालवाहू कंपन्यांना मात्र हे नियम बंधनकारक नाहीत. घरापासून तळापर्यंतचा प्रवास या हिशोबात कामाचा वेळ धरला जात नाही. तो वैमानिकाच्या स्वतःच्या वेळात जातो. या प्रवासावरच बंधन घालावे काय, याचा विचार तज्ज्ञांच्या एका समितीने २०११ मध्ये केला. केवळ अंतरावरून थकवा ओळखता येत नाही, असे तिला आढळले. आदल्या दिवशी विमानाने येऊन रात्रभर झोपलेला माणूस ताजा असू शकतो आणि गावातल्या गावात गाडी हाकत आलेला अर्धमेला. तेव्हा बंदी आली नाही. आपण उड्डाणास योग्य आहोत, हे प्रत्येक फेरीपूर्वी वैमानिकानेच सांगायचे, आणि नसेल तर कंपनीने त्याला उडवायचे नाही, असा नियम झाला. काही कंपन्यांच्या करारांत आणखी एक कलम असते. वेळेवर पोचवू शकतील अशी दोन विमाने गाठण्याचा प्रयत्न करूनही जागा मिळाली नाही, तर त्या वैमानिकावर गैरहजेरीची कारवाई होत नाही.