पोलादाला घाई चालत नाही

दिवाळीच्या आगेमागे हिंगोलीतल्या कयाधू नदीकाठच्या शिवारांत सोयाबीनची काढणी चालते आणि दिवसभरात किती रान आवरेल हे विळ्याच्या धारेवर ठरते. संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नरसी याच पट्ट्यातले. मराठवाड्यातल्या अशा गावांना विळे, खुरपी, सुऱ्या पुरवल्या त्या गावच्या लोहारांनी आणि बिऱ्हाड घेऊन फिरणाऱ्या घिसाड्यांनी. त्यांच्या कामातल्या सबुरीचे आपण स्वभावगुण म्हणून कौतुक करतो. माझ्या मते ती सबुरी धातूने घातलेली अट आहे, आणि तिला लागणाऱ्या वेळेचे मोल कोणीतरी चुकते केले तरच ती पाळली जाते.

पात्यासाठी बहुधा ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचे पोलाद घेतात. त्यात अर्ध्या टक्क्याच्या आसपास कार्बन असतो. सळईत त्याच्या निम्माच, म्हणून तिची धार टिकत नाही. घिसाड्यांत घण अनेकदा बाईच्या हातात असतो आणि पुरुष सांडशीतले पाते ऐरणीवर फिरवत राहतो. ताव जास्त झाला तर पोलादाचा कण जाड होतो. निवल्यावर ठोकले तर बारीक भेगा पडतात, त्या त्या दिवशी दिसतही नाहीत. खरी परीक्षा पाणी देताना. सुमारे 770 अंशांना पोलाद चुंबकाला चिकटेनासे होते. त्याच्या थोडे पुढे तापवून धारेची कड बुडवली की ती कठीण होते, पण काचेसारखी ठिसूळही. मग पाठीत उरलेली धग धारेकडे येऊ द्यायची. घासून उजळलेल्या कडेवर आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, जांभळा आणि 300 अंशांच्या सुमारास निळा रंग चढतो. सुरी पिवळ्यावर थांबवायची, घाव सोसणारा कोयता जांभळ्याच्या जवळ. एवढ्या वेळात नजर हटली की आधीची सगळी मेहनत वाया.

हिंगोलीप्रमाणेच एके काळी निजामाच्या राज्यात असलेल्या निजामाबादजवळच्या कोनासमुद्रममध्ये मुशीतले पोलाद तयार होई. ते घ्यायला इराणी व्यापारी येत. सुमारे दीड टक्का कार्बनचे हे पोलाद बंद मुशीत तासन्‌तास तापवून अगदी सावकाश निववत. पात्यावरची नागमोडी नक्षी त्या सावकाशीतून येई. फाजील तापवले तर ते हातोड्याखाली फुटे.

कोणी म्हणेल, कारखान्यातली भट्टी डोळ्यापेक्षा अचूक असते. खरे आहे, हातघडणीची कितीतरी पातीही कच्ची निघतात. पण कारखान्यातही पाते ठरलेला वेळ भट्टीत ठेवावेच लागते. यंत्राने तो वेळ मोजून दिला, टाळलेला नाही. हाताच्या कामाची सरशी वेगळीकडे आहे: डावखुऱ्यासाठी विळा वळवून मिळतो, झिजलेले खुरपे पुन्हा पाजवता येते. पातळ पत्र्याचा विळा मात्र फेकावाच लागतो.

बलुत्याच्या काळात लोहाराला सुगीला धान्य मिळे आणि वर्षभराची दुरुस्ती त्याच्याच गळ्यात असे; कच्चे पाते त्यालाच महाग पडे. ही त्या व्यवस्थेची भलावण नव्हे. तिने कारागिराला जातीने बांधले आणि भाव करण्याचा हक्क दिला नाही. ती गेली हे चांगलेच झाले. पण आता नगावर पैसे मिळतात आणि भरभर उरकणाऱ्याचेच पोट भरते. म्हणून पुढच्या वेळी आठवडी बाजारात खुरपे घेताना पाच-दहा रुपयांसाठी घासाघीस करू नका. पाणी नीट द्यायला सांगा, तेवढा वेळ थांबा आणि त्या वेळेचेही पैसे द्या.